'जर्मन माल' म्हणजे नेमकं काय? डीबी ६०१ आणि डीबी ६०५ या इंजिनांची समीक्षा

सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्यांच्या गावात विमानाच्या इंजिनावर बोलायचं म्हटल्यावर आम्हाला दोन-तिघांनी विचारलं, की ऐकायला कोण येणार? तुम्ही आलात.

आजचा विषय आहे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन विमान-इंजिन डाइम्लर-बेंझ ६०१ आणि त्याचा धाकटा भाऊ ६०५. मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या नाकात हीच इंजिनं असत. माहिती सांगणं हा आजचा मुख्य हेतू नाही, ती हवी तेवढी मिळते. आम्हाला या इंजिनाची समीक्षा करायची आहे. आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. यंत्राची मात्र एक तर जाहिरात होते, नाही तर तक्रार. आणि या यंत्राची तर आरतीच होते. 'जर्मन माल' हा शब्द मराठी माणूस ज्या सुरात उच्चारतो तो सूर तुम्हाला माहीत आहे. त्या सुरात खरं किती आणि ऐकीव किती, हे आज बघू.

सुरुवात रचनेपासून. बारा सिलिंडर, सहा-सहांच्या दोन रांगा, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात. पण हा 'व्ही' उलटा. म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली लोंबकळलेले. ब्रिटिशांचं रोल्स-रॉइस मर्लिन हेही बाराच सिलिंडरांचं, पण सुलटं. उलटं का केलं? एक, वरची बाजू अरुंद झाली, त्यामुळे वैमानिकाला नाकावरून पुढचं बरं दिसतं. दोन, प्लग, व्हॉल्व्ह, सगळं खाली आल्यामुळे मेकॅनिकला जमिनीवर उभं राहून हात घालता येतो. इथल्या ज्यांनी बोटीचं इंजिन खोलून काढलंय त्यांना या दुसऱ्या मुद्द्याची किंमत जास्त कळेल! तीन, प्रोपेलरचा दांडा गिअरमुळे क्रँकशाफ्टच्या खाली, दोन रांगांच्या मधल्या जागेत येतो. तो पोकळ केला, इंजिनाच्या मागे तोफ ठेवली, आणि तिची नळी त्या दांड्यातून आरपार काढली. तोफ थेट प्रोपेलरच्या मध्यातून मारा करते. पंख्याच्या पात्याला गोळी लागेल ही भानगडच नाही.

आता याचा तोटा. तेल खाली येणार, हा निसर्गनियम. सुलट्या इंजिनात ते खालच्या भांड्यात पडतं. उलट्यात ते पिस्टनवरून सिलिंडरात आणि प्लगवर यायला बघतं. ते उपसून परत टाकीत ढकलायला वेगळे पंप लागले, रिंगा चोख लागल्या. आपल्याकडे म्हणतात ना, इंजिन ऑइल पितंय. या इंजिनाला ते पिण्याची सोय जन्मापासूनच होती. तरीही आमच्या मते उलटा 'व्ही' हा विचारपूर्वक केलेला सौदा आहे. काय मिळवायचं आणि त्यासाठी काय सोसायचं, हे रचनाकारांनी ठरवून केलेलं दिसतं.

इथे एक गंमत. १९६९चा 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातली उडणारी मेसरश्मिट ही स्पेनमध्ये बांधलेली विमानं आहेत, आणि युद्धानंतर जर्मन इंजिनं मिळेनाशी झाल्यावर त्यांत बसवलं होतं रोल्स-रॉइस मर्लिन. म्हणजे पडद्यावर शत्रूच्या विमानातसुद्धा ब्रिटिश इंजिनच! पुढच्या वेळी पाहाल तेव्हा धुराच्या नळ्या बघा. खऱ्या १०९च्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला असतात, कारण सिलिंडर खाली आहेत. चित्रपटातल्या विमानांच्या वरच्या अंगाला दिसतात. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्म्या माहितीपटांच्या चुका तुम्हाला पकडता येतील.

आता सगळ्यात गाजलेल्या वैशिष्ट्याकडे येऊ, इंधनाच्या इंजेक्शनकडे. हे तुम्हाला नवं नाही. वाडीला पाणी द्यायला रहाट होता, मग डिझेलचं इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर वीज कित्येक दिवस नव्हती. त्या दिवसांत डिझेलच्या इंजिनाचं मोल इथं कुणाला सांगायला नको. त्या इंजिनाला जो पंप आणि नोझल असतो, त्याचाच हा चुलतभाऊ. बॉश कंपनीने डिझेलचा इंजेक्शन पंप १९२७ साली मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. पुढे हीच कला पेट्रोलच्या विमान-इंजिनात आली. बारा सिलिंडरांना बारा प्लंजर, दोन रांगांच्या मधोमध बसवलेला एक लांबट पंप, आणि प्रत्येक सिलिंडराला मोजून थेट आत फवारा. त्याच बॉशची भारतातली कंपनी, मायको, १९५१ साली निघाली आणि तिचा नाशिकचा कारखाना आपल्याला ठाऊक आहेच.

फरक एवढाच. डिझेलमध्ये हवा आधी दाबून तापवतात, मग शेवटी फवारा मारतात आणि तो आपोआप पेटतो. इथे फवारा हवा आत येतानाच मारतात आणि पेटवायला प्रत्येक सिलिंडराला दोन-दोन प्लग असतात. दुसरं म्हणजे डिझेल स्वतः थोडं तेलकट असतं, त्यामुळे प्लंजरला आपोआप वंगण मिळतं. पेट्रोल कोरडं. म्हणून या पंपाला वेगळं तेल पुरवावं लागे. प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट काही मायक्रॉनची. तुमचा पंपवाला ज्याला 'एलिमेंट' म्हणतो तोच जोड. ही फट थोडी वाढली की काय होतं हे तुम्ही अनुभवलेलं आहे. तो जोड हजारोंच्या संख्येने, एकसारखा बनवणं, ही खरोखर मोठी गोष्ट होती. तिथे आम्ही टोपी काढतो.

मग प्रसिद्धी कशामुळे? १९४०च्या उन्हाळ्यात, इंग्लंडवरच्या लढाईत, स्पिटफायर आणि हरिकेन यांच्या मर्लिनला कार्बोरेटर होता, फ्लोटवाला. विमान एकदम नाक खाली करून सूर मारायला गेलं, की इंधन वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर आचके द्यायचं. १०९ला तो त्रास नाही. फवारा मोजूनच येतो, विमान कसंही असो. म्हणून जर्मन वैमानिक सरळ नाक खाली घालून निसटायचा आणि मागच्या ब्रिटिशाला आधी विमान उलटं करून मग सूर मारावा लागायचा. ही गोष्ट खरी आहे. पण ती इथेच संपवली जाते, आणि तिथे आमची हरकत आहे.

एक तर या दुखण्यावर १९४१च्या सुरुवातीलाच तात्पुरता इलाज निघाला. बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी इंधनाच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी चकती बसवली. जास्तीचं पेट्रोल एकदम घुसायचं थांबलं. पुढे दाबावर चालणारे कार्बोरेटर आले आणि प्रश्नच मिटला. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. कार्बोरेटर ठेवणं हा ब्रिटिशांचा मागासपणा होता, असं ऐकायला मिळतं. तसं नव्हतं. पेट्रोल वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं; हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं ना, तेच. मर्लिनमध्ये पेट्रोल सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळत असल्यामुळे आत जाणारी हवा सुमारे २५ अंशांनी थंड व्हायची. थंड हवा दाट, म्हणजे त्याच सुपरचार्जरमधून जास्त हवा आत. थेट इंजेक्शनमध्ये सुपरचार्जरला हा थंडावा मिळत नाही. उलट बाजूने इंजेक्शनचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवून नुसत्या ताज्या हवेने सिलिंडर धुऊन काढता येतो, पेट्रोल वाया न घालवता. म्हणजे सौदा दोन्हीकडे होता. जी बाजू सिनेमात छान दिसते तिचीच कीर्ती झाली.

आम्हाला विचाराल तर या इंजिनातली सर्वांत सुंदर कल्पना दुसरीच आहे, आणि तिच्यावर फारच कमी बोललं जातं. सुपरचार्जर म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा. वर गेलं की हवा विरळ होते, म्हणून तो लागतो. अडचण अशी, की तो उंचीला पुरेल इतका जोरात फिरवला तर खाली, दाट हवेत, तो उगाच जास्त ताकद खातो आणि हवा नाहक तापवतो. सावकाश फिरवला तर वर गेल्यावर कमी पडतो. बाकीच्यांनी गिअर दिले: खाली एक, वर दुसरा. डाइम्लर-बेंझने गिअरऐवजी मध्ये तेल घातलं.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा नुसताच. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. हवेऐवजी तेल घ्या, दोन्ही एका डब्यात बंद करा, की झाली हायड्रॉलिक कपलिंग. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची ही कल्पना, १९०५ची, मुळात जहाजांसाठी निघालेली. आता डब्यात तेल कमी असेल तर घसरण जास्त, पंखा सावकाश. तेल वाढवलं की पकड वाढते, पंखा जोरात. आणि तेल किती सोडायचं हे ठरवते हवेच्या दाबाने फुगणारी-आकसणारी एक डबी. विमान चढत जातं, बाहेरचा दाब उतरत जातो, डबी फुगते, तेल वाढतं, पंख्याचा वेग वाढत जातो. वैमानिकाने काहीच करायचं नाही. कुठे धक्का नाही, पायरी नाही. घसरणीमुळे तेल तापतं, ते थंड करावं लागतं, ही त्याची किंमत. पण कल्पना म्हणून बघा ना! हवेच्या दाबाकडून थेट यंत्राकडे निरोप जातो. आणि हा सुपरचार्जर इंजिनाच्या मागे न बसवता डाव्या अंगाला आडवा का बसवला? कारण मागची जागा तोफेला हवी होती. एक निर्णय दुसऱ्या निर्णयाला वाट करून देतो. चांगल्या घराच्या मांडणीत असंच असतं.

इथपर्यंत कौतुक झालं. आता आकड्यांकडे या. डीबी ६०१ची एकूण पोकळी ३३.९ लिटर, मर्लिनची २७. पहिल्या काळात दोघांची ताकद मात्र जवळपास सारखी: ६०१ ए सुमारे १,१०० अश्वशक्ती, मर्लिन ३ सुमारे १,०३०. वजनातही फार अंतर नाही. म्हणजे 'जर्मन इंजिन मोठं, म्हणून भारी' हेही खोटं आणि 'मोठं असून तेवढंच काम, म्हणून कमअस्सल' हेही खोटं. मोठी पोकळी आणि कमी दाब हा हलक्या पेट्रोलवरचा तोडगा होता. जर्मनीकडे तेलाच्या विहिरी जवळपास नव्हत्याच; विमानाचं पेट्रोल बहुतांशी कोळशापासून, लॉइनासारख्या कारखान्यांत बनत होतं, आणि ते मुख्यतः ८७ ऑक्टेनचं. ब्रिटिशांना १९४०पासून १०० ऑक्टेन मिळायला लागलं, समुद्रापलीकडून, जहाजांनी. चांगल्या पेट्रोलवर हवा जास्त दाबता येते, ठोका पडत नाही. म्हणून मर्लिन त्याच २७ लिटरमध्ये युद्ध संपेपर्यंत १,७०० अश्वशक्तीपर्यंत आणि त्याच्याही पुढे गेलं. १९४२च्या उन्हाळ्यात त्याला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आणि मधे थंड करणारी जाळी मिळाली, तेव्हा उंचावरचा जर्मन वरचष्मा बराचसा संपला.

डाइम्लर-बेंझचं उत्तर होतं ६०५. सिलिंडरचा व्यास १५० वरून १५४ मिलिमीटर केला, पोकळी ३५.७ लिटर झाली. ताकद १,४७५ अश्वशक्ती. कागदावर. इथे आमची टीका सुरू होते. ६०१ हे आपल्या मर्यादा ओळखून रचलेलं इंजिन होतं. ६०५ ही त्याच देहातून जास्त काम काढण्याची घाई. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग होती, ती काढून साधी बेअरिंग घातली. बनवायला सोपी, पण त्यांना तेलाची शिस्त जास्त लागते. आणि तेलाला फेस येण्याचा त्रास होताच. निकेलच्या टंचाईने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या धातूत तडजोड झाली आणि ते जळायला लागले. परिणाम काय? पूर्ण दाब, १.४२ वातावरण, वापरायला वैमानिकांना मनाई. १९४३च्या उत्तरार्धापर्यंत ही बहुतेक इंजिनं १.३वर बांधून ठेवलेली होती. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ जे इंजिन लढलं, ते जाहिरातीतलं १,४७५चं इंजिन नव्हतंच! ३० सप्टेंबर १९४२ला उत्तर आफ्रिकेत हान्स-योआखिम मार्सेय हा त्यांचा नावाजलेला वैमानिक मेला तो शत्रूच्या गोळीने नाही. नव्या १०९ जी विमानाचं इंजिन बिघडून कॉकपिटमध्ये धूर भरला. बाहेर उडी टाकताना तो शेपटीवर आपटला. पुढे पाणी-मेथॅनॉलचा फवारा आला, मोठा सुपरचार्जर आला, आणि १९४४मध्ये ६०५ पुन्हा तगडं झालं. पण १२ मे १९४४पासून अमेरिकनांनी पेट्रोलचेच कारखाने बॉम्बने फोडायला घेतले. नंतर इंजिन होतं, पेट्रोल नव्हतं.

हेच इंजिन परक्या जमिनीत कसं रुजलं, हेही पाहू, कारण आपल्या देशाशी त्याचा संबंध लागतो. जपानच्या कावासाकीने ६०१चा परवाना घेतला आणि त्यावर 'हिएन' हे विमान केलं. विमान देखणं, चपळ. पण जर्मन मापाची क्रँकशाफ्ट, ती बेअरिंग, तो फवाऱ्याचा पंप, हे तिथल्या कारखान्यांना सातत्याने जमेना. इंजिनाची पुढची, जास्त ताकदीची आवृत्ती तर इतकी अडली, की सुमारे २७५ विमानांचे सांगाडे इंजिनाविना उभे राहिले. शेवटी १९४५च्या सुरुवातीला त्यांत मित्सुबिशीचं हवेने थंड होणारं, गोल, साधं इंजिन बसवलं. ते विमान जास्त भरवशाचं निघालं. नकाशे विकत मिळतात, पण मायक्रॉनची फट राखणारे हात विकत मिळत नाहीत. आपल्याकडे फोके-वुल्फ १९०चे रचनाकार कुर्ट टांक १९५६ साली आले, त्यांच्या हाताखाली बंगलोरला 'मरुत' विमान झालं, १९६१मध्ये उडालं. तिथेही तेच: सांगाडा उत्तम, हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. या घटनेवर आपल्याकडे हळहळ पुष्कळ होते, चिकित्सा कमी.

आता हातांचा विषय निघालाच आहे, तर आमची मुख्य हरकत सांगतो. डीबी ६०५ चाळीस हजारांहून जास्त बनली. कोणाच्या हातांनी? बर्लिनच्या दक्षिणेला गेन्सहागेन इथे डाइम्लर-बेंझचा विमान-इंजिनांचा मोठा कारखाना होता. युद्धाच्या काळात तिथे पकडून आणलेले परदेशी मजूर होते, आणि १९४४मध्ये राफेन्सब्रुक या स्त्रियांच्या छळछावणीतून हजारावर स्त्रिया आणल्या. त्या कारखान्यातच राहायच्या, तिथेच झोपायच्या आणि इंजिनं जोडायच्या. कंपनीने स्वतःच १९८०च्या दशकात इतिहासकारांकडून हा इतिहास लिहून घेतला आहे. लपलेलं काही नाही.

मराठीत दुसऱ्या महायुद्धावर वाचणारा वर्ग मोठा आहे. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' कितीतरी घरांत सापडेल. तोच वाचक छळछावण्यांची पानं वाचून अस्वस्थ होतो, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाचा व्हिडिओ बघून म्हणतो, "काही म्हणा, पण जर्मन माल!" हे 'काही म्हणा, पण' आम्हाला खटकतं. राजकारण एका कपाटात आणि यंत्र दुसऱ्या कपाटात, असं ते ठेवता येत नाही. ६०५चा व्हॉल्व्ह का जळला याचं उत्तर निकेल कुठून यायचं यात आहे, निकेल कमी का होतं याचं उत्तर युद्ध कोणी आणि किती देशांशी पुकारलं यात आहे, आणि जोडणीच्या फळीवर कोण उभं होतं याचंही उत्तर तिथेच आहे. उपाशी, भेदरलेली बाई इंजिन जोडते आहे आणि आपण त्याच्या 'काटेकोरपणा'चं गुणगान करतो. आधी तिची नोंद व्हायला हवी. मग हायड्रॉलिक कपलिंगचं कौतुक खुशाल करा. आम्हीही केलं, आणि उद्याही करू.

म्हणून आमचा निवाडा दोन्ही इंजिनांना वेगवेगळा आहे. ६०१ हे थोर इंजिन. ६०५ ताकदवान, पण ज्या परिस्थितीत बनलं तिने आतून पोखरलेलं. आणि दोन्हींची कीर्ती चुकीच्या भागावर बेतलेली: फवाऱ्यावर जास्त, तेलाच्या कपलिंगवर कमी, माणसांवर शून्य.

पुढच्या व्याख्यानाला युंकर्स युमो २०५ घेणार आहोत. ते तर तुमच्या जास्त जवळचं आहे, कारण ते चक्क डिझेलवर उडणारं इंजिन. सिलिंडर सहा, पिस्टन बारा, एकेका सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर, आणि व्हॉल्व्ह एकही नाही. ते चालतं कसं, याचा तोवर विचार करून ठेवा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या दादांनी मघाच हात वर केला होता, तुम्ही विचारा. या पंपाने हवा धरली तर आकाशात ती कोण काढणार, असंच ना?